हात वर करील त्यानंच वाचायचं

शाळेत सगळे त्यांना सावकाशबाई म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण त्यांना ते ठाऊक होतं आणि त्याचा राग नव्हता, उलट मनातून बऱ्यापैकी सुखावत असत. मूल अडखळलं, रडवेलं झालं, पेन्सिलीचं टोक मोडून बसलं की बाईंचं ठरलेलं वाक्य यायचं, "सावकाश. आपल्याला कुठे गाडी पकडायची आहे?" आणि मूल हसायचं. शेजारच्या वर्गांतून पट्टीचे आवाज यायचे आणि बाईंच्या वर्गातून हसण्याचे. आईबाप वशिले लावून आपली पोरं त्यांच्याकडे घालत. आता एवढं नाव झाल्यावर आपलंही काही चुकत असेल असं माणसाला कशाला वाटेल?

त्या शाळेची एक रीत होती. पहिलीला ज्या बाई मिळतील, त्याच चौथीपर्यंत. वर्ग वर चढला की बाईही त्याच्याबरोबर वर चढायच्या, आणि चौथी बाहेर पडली की खाली उतरून पुन्हा पहिलीपासून सुरुवात. रीत तशी चांगली. मुलाची नस न् नस कळते, बाईंना मुलाचा आणि मुलाला बाईंचा लळा लागतो. पण चार वर्षं त्या मुलाकडे दुसरं कुणी ढुंकूनही बघत नाही, हेही तितकंच खरं. एका नजरेतून सुटलं ते सुटलंच.

बाई अशा मवाळ का, ते त्यांच्या नवऱ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. दुसरीत असताना त्यांना एका मास्तरांनी फळ्यापुढे उभं केलं होतं. पाढा येईना. मास्तर पट्टीच्या कडेनं बोटांच्या सांध्यांवर मारत राहिले, आणि पोरगी उभ्या जागी परकर भिजवून बसली. सगळा वर्ग हसला. झाडलोट करणाऱ्या मावशींनी येऊन फरशी पुसली. त्यानंतर पाढे सगळे आले, पुढे बाई शिक्षिकाही झाल्या, पण फळ्यापुढे एकटं मूल उभं राहिलेलं त्यांना बघवत नसे.

त्यात शिक्षकांच्या कॉलेजात त्यांना भेटले एक म्हातारे प्राध्यापक. बालविकास शिकवायचे आणि फार गोड शिकवायचे. मूल टप्प्याटप्प्यानं वाढतं, प्रत्येक टप्प्याची वेळ यावी लागते, वेळेआधी शिकवाल तर ओरबाडाल, असं सगळं. "कळी ओढून उमलत नाही," हे त्यांचं वाक्य. बाईंनी ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. त्याच पुस्तकाच्या शेवटी एक प्रकरण होतं, अध्ययन अक्षमता. काही मुलं वेळ येण्याची वाट बघून शिकत नाहीत, त्यांना वेगळं शिकवावं लागतं, असं त्यात होतं म्हणे. म्हणे अशासाठी, की ते प्रकरण परीक्षेला येत नसे. प्राध्यापकांनी ते घरी वाचायला सांगितलं आणि घरी ते कुणीही वाचलं नाही.

तर अशा या सावकाशबाई. त्यांच्या वर्गाचा एकच कायदा होता: जो हात वर करील त्यानंच वाचायचं. धडा आला की आधी बाई वाचायच्या, सुंदर, आवाज बदलून बदलून. मग सगळा वर्ग एका सुरात त्यांच्यामागून म्हणायचा. मग हात वर. ज्याचा हात नाही त्याला कुणी विचारणार नाही, त्याच्याकडे कुणी बघणार नाही. लेखी परीक्षेतही प्रश्न बाईच मोठ्यानं वाचून दाखवत, आणि ज्याला लिहायला जमत नसेल त्याचं उत्तर जवळ बसवून तोंडी घेत. वरून नियमच होता की लहान वर्गात कुणाला नापास करायचं नाही. मग काय, सगळं आलबेल.

त्या वर्गात भिंगरी आली. हे घरचं नाव, आईनं ठेवलेलं, कारण पोरगी एका जागी ठरत नसे. बाप रंगारी, इमारतींना रंग देणारा, महिनोन् महिने परगावी कामावर. आई पिशव्यांच्या कारखान्यात शिलाई मशीनवर. भिंगरी चुणचुणीत, तोंडाळ, कुणाचीही नक्कल करणारी. धडा एकदा ऐकला की तिला पाठ. वर्गात गोष्ट वाचून झाली की ती पुन्हा सांगण्याचं काम भिंगरीचं, आणि ती अशी सांगायची की पुस्तकातली गोष्ट तिच्यापुढे फिकी पडावी. म्हातारी आली की कमरेत वाकायची, कोल्हा आला की डोळे बारीक करायची. हेडसर एकदा दारात उभे राहून ऐकत राहिले आणि म्हणाले, "बाई, ही तुमची पोरगी पुढे नाव काढणार."

पण पुस्तक उघडलं की भिंगरीला तहान लागायची. नाहीतर फळा पुसायचा असायचा. नाहीतर पोटात दुखायचं. फळ्यावरचं उतरवून घेताना ती एक अक्षर बघायची, लिहायची, पुन्हा बघायची, आणि तोवर आधीचं कुठे होतं तेच विसरायची. ओळीवरून बोट सुटायचं. काही अक्षरं आरशात पाहिल्यासारखी उलटी यायची. बाईंना हे दिसत नव्हतं असं नाही. त्या आंधळ्या नव्हत्या. दुसरीत त्या म्हणाल्या, लहान आहे, येईल. तिसरीत म्हणाल्या, कुणाकुणाला उशीर लागतो. आणि भिंगरी उठून पाणी प्यायला निघाली की तिच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणायच्या, "जा, सावकाश ये."

तिसरीच्या मध्यावर शिक्षकांचं एक प्रशिक्षण झालं. सरकारी दवाखान्यात मुलांच्या चाचण्या घेणाऱ्या एक मॅडम बोलायला आल्या होत्या. बहुतेक शिक्षक मागच्या बाकांवर डुलक्या घेत होते. मॅडम सांगत होत्या, "तोंडी हुशार आणि कागदावर कच्चं, असं मूल तुमच्या वर्गात असेल तर थांबू नका. ऐकून सगळं पाठ करतं, पण नवीन शब्द समोर ठेवला की गडबडतं. वाचायची वेळ आली की पळवाट काढतं." बाईंची झोप उडाली. भिंगरीचा फोटो लावल्यासारखं वर्णन. चहाच्या वेळी त्या मॅडमना गाठून म्हणाल्या, "माझ्याकडे एक मुलगी आहे."

"मग पाठवा ना. जितकं लवकर तितकं बरं. या वयात शिकवलं तर पुष्कळ हाती लागतं."

बाई हो म्हणाल्या. घरी येईस्तोवर त्या 'हो'चं 'बघू' झालं होतं. चाचणीला पाठवायचं म्हणजे आईला सांगायचं, तुमच्या मुलीत काहीतरी आहे. ज्या आईनं हेडसरांचं ते 'नाव काढणार' ऐकून कारखानाभर सांगितलं, तिला हे सांगायचं. पोरीला दवाखान्यात न्यायचं, शिक्का मारून आणायचा. वर्गाला कळणार, मुलं हसणार. बाईंच्या डोळ्यांपुढे ती भिजलेली फरशी आली. एक वर्ष पाहू, त्यांनी ठरवलं. कदाचित चौथीत उमलेल.

चौथीत काही उमललं नाही. वर्ष संपलं, प्रगतिपुस्तकं लिहायची वेळ आली. नवरा पाणीखात्यात घरोघरी मीटर वाचत फिरणारा माणूस, तिरकस बोलण्याची सवय. बाई भिंगरीच्या पुस्तकात 'हुशार व उत्साही, गोष्ट उत्तम सांगते' असं लिहीत होत्या, तर तो खांद्यावरून डोकावून म्हणाला, "आणि वाचते कशी?"

"येईल हळूहळू."

"अगं, मीटर न बघता बिल फाडलं तर मला घरी बसवतील. तुमच्यात चालतं वाटतं."

बाई हसल्या, त्याला चिमटा काढला आणि सही केली. भिंगरी पाचवीला मोठ्या शाळेत गेली, आणि बाई रीतीप्रमाणे खाली उतरून पुन्हा पहिलीला लागल्या. ते वर्ष संपत आलं तरी भिंगरीचं काय चाललंय हे त्यांनी विचारलं नाही. नवीन पोरं, नवीन नाकं पुसायची, कुणाला सवड असते.

मग एका दुपारी त्यांच्या पिशवीचा बंद तुटला. कुणीतरी सांगितलं, त्या कारखान्यात नेऊन द्या, हातोहात शिवून देतात. गोदामांच्या गल्लीत तळमजल्यावर एक लांबट हॉल होता. छत ठेंगणं, दिवसाही ट्यूबलाइटच्या नळ्या जळत होत्या. मशीनच्या दोन रांगा, मधे जाड कापडाचे ताके, आणि हवेत तंतू इतके की बोलताना जिभेवर यावेत. मशीनवर बायका आणि मशीनच्या खाली, त्यांच्या पायांशी, चारदोन पोरी मांडी घालून बसलेल्या. वरून शिवलेली पिशवी खाली पडायची, पोरी छोट्या कात्रीनं तिचे लोंबते धागे कापायच्या आणि पिशवी बाजूच्या ढिगावर टाकायच्या. त्यातली एक पोरगी बाई दारात आल्याबरोबर तोंड फिरवून बसली. बाईंनी तिला पाठीवरूनच ओळखलं.

"भिंगरी?"

भिंगरीनं मान वर केली नाही. वरच्या मशीनवरून तिची आई उठली, मुकादमाला खूण केली आणि बाईंना हाताला धरून बाहेर गल्लीत घेऊन आली. कशासाठी आलात, बसा, असं काही नाही. भिंतीला टेकून उभी राहिली आणि बोलायला लागली. आवाज चढवला नाही, पण शब्द न् शब्द तापलेला.

"तुम्हाला बघून बरं वाटलं असं म्हणणार नाही मी, बाई. काय झालं ते ऐका. मोठ्या शाळेत गणिताचे सर आहेत, तेच भाषा शिकवतात. एकेकाला उभं करून वाचायला लावतात. आदल्या रात्री ही शेजारच्या पोरीकडून धडा ऐकून आली, पाठ करून आली. धडधडा म्हणून दाखवला. सर खूश. आणि मग दुसरं पान काढून दिलं. तर ही उभीच. एक शब्द नाही. सरांना वाटलं, फसवते. मारलं. दुसऱ्या दिवशी परत उभं केलं, परत मारलं. पोरं ढ म्हणायला लागली. सर म्हणाले, पालथ्या घड्यावर पाणी. मला बोलावून विचारलं, हिला चौथीपर्यंत आणली कुणी? मी त्यांच्यापुढे तुमचं प्रगतिपुस्तक ठेवलं. हुशार व उत्साही. सर हसले, बाई. त्यांचं ते हसणं मी मरेपर्यंत विसरायची नाही."

आईनं पदरानं तोंडावरचे तंतू पुसले.

"मग ही दप्तर घेऊन निघायची आणि शाळेत जायचीच नाही. दिवसभर स्टँडवर बसून राहायची. कोण कुठला माणूस खाऊ देतो का काय, माझ्या जिवाला घोर. शेवटी मीच घेऊन आले इथे. निदान माझ्या पायाशी तर आहे. हात चांगला चालतो तिचा, मुकादम म्हणतो."

"ती ढ नाही," बाई म्हणाल्या. "याची चाचणी असते. त्यावर शिकवायची पद्धत असते. मी बघते काय करायचं ते."

"आता?" आई म्हणाली. "बैल गेला आणि झोपा केला." आणि आत निघून गेली.

त्यानंतरचे दिवस बाईंनी जी धावपळ केली ती त्यांच्या सबंध नोकरीत केली नव्हती. मोठ्या शाळेच्या हेडसरांकडे गेल्या. तिथे मुलीचं नाव पटावरून काढायची तयारी झालीच होती. बाईंनी हातापाया पडून मुदत मागितली. हेडसर काही वाईट माणूस नव्हता, कंटाळलेला होता. तो म्हणाला, "येत्या सोमवारी चाचणीला गेली असं मला दवाखान्यातून कळू द्या. नाव ठेवतो, परीक्षेला सवलती देतो, सरांनाही समज देतो. सोमवार गेला की माझ्या हातात काही नाही. आणि एकदा नाव निघालं की बाई, या वयाची मुलगी परत येत नाही. मी इतकी वर्षं बघतोय."

दवाखान्यात त्याच मॅडम होत्या. त्यांनी बाईंना ओळखलं नाही. बाईंनी आठवण करून दिल्यावर मात्र हातातलं पेन खाली ठेवलं. "तिसरीतली मुलगी ना? मी वाट बघितली होती." त्यांनी नोंदवही पुढे ओढली. सोमवारी एक जागा मोकळी होती, ती भिंगरीच्या नावे लावली. "पण एक लक्षात ठेवा. तिला ओढून आणू नका. ती मनानं आली तरच यातून काहीतरी निघेल. या मुलांना डिस्लेक्सिया आहे म्हणून ती मोडत नाहीत. आपल्याला येणारच नाही असं एकदा त्यांच्या मनानं घेतलं की मग मोडतात."

भिंगरीची आई आधी ऐकूनच घेईना. मग ऐकलं. मग पदराला हात पुसत म्हणाली, "माझी ना नाही. दांडी मारीन एक दिवस, मुकादमाचे चार शब्द खाईन. पण तिला विचारायचं तुम्ही. मी तिला आता कशाचाही भरवसा देणार नाही. ती म्हणाली येते, तर मी आणते."

म्हणजे सगळं आता त्या पोरीच्या हो-नाहीवर येऊन ठेपलं.

जेवणाच्या सुट्टीत भिंगरी कारखान्याच्या जिन्यावर डबा घेऊन बसली होती. शेजारी धाकटी बहीण, अजून शाळेत न जाणारी, आईबरोबर दिवसभर कारखान्यातच खेळणारी. बाई खालच्या पायरीवर बसल्या. साडीला तंतू चिकटले, त्यांचं लक्ष नव्हतं. वर्षभरात पोरगी उंच झाली होती आणि तिच्या तोंडावरचं ते सदा न् कदा चाललेलं हसू कुणीतरी पुसून टाकावं तसं गेलं होतं. बाईंना भरून आलं. पण त्या रडायला आल्या नव्हत्या.

"भिंगरे, ऐक. तू ढ नाहीस."

भिंगरीनं घास चावून गिळला. "बरं."

"बरं नाही, खरंच सांगते. काही मुलांच्या डोक्यात अक्षर आणि त्याचा आवाज यांची गाठ लवकर बसत नाही. डोळे चांगले असतात, डोकं चांगलं असतं, तेवढी गाठ बसत नाही. ती बसवायची वेगळी पद्धत आहे. दवाखान्यात एक मॅडम आहेत, त्यांना ती येते. परीक्षेत तुला वेळ जास्त मिळेल, प्रश्न वाचून दाखवायला माणूस मिळेल. सर मारणार नाहीत, मी हेडसरांशी बोलले आहे. सोमवारी फक्त एकदा यायचं आहे."

भिंगरी ऐकत होती. नीट ऐकत होती, पूर्वी गोष्ट ऐकायची तशी. बाईंना वाटलं, जमलं.

"असं पुष्कळ मुलांना असतं?" तिनं विचारलं.

"असतं. बहुतेक प्रत्येक वर्गात कुणी ना कुणी असतं."

"आपल्या वर्गात अजून कोण होतं?"

बाईंनी आठवून पाहिलं. मागच्या बाकांवरचे चेहरे आठवले, हात कधीच वर न करणारे. त्यातलं कोण लाजाळू होतं, कोण आळशी होतं आणि कोण भिंगरीसारखं होतं, त्यांना एकाचंही सांगता येईना. "माहीत नाही गं," त्या म्हणाल्या.

"माझं तुम्हाला कधी कळलं?"

इथे खोटं बोलता आलं असतं. परवा कळलं म्हटलं असतं तर पोरीला खरं वाटलं असतं, आणि कदाचित ती सोमवारी आलीही असती. बाईंच्या ओठांवर ते आलंही होतं. पण समोरची पोरगी डोळ्यांत बघत होती.

"तू तिसरीत होतीस तेव्हा शंका आली होती."

"मग सांगितलं का नाही?"

"तुला वाईट वाटेल म्हणून. चारचौघांत तुझी फजिती व्हायला नको म्हणून. म्हणून तर मी तुला कधी उभं केलं नाही, भिंगरे. कधी विचारलं नाही."

भिंगरीनं डब्याचं झाकण लावलं. मग धाकटीचं तोंड पुसलं. बोलली ती अगदी साध्या आवाजात, रागानं नाही, आणि बाईंना तेच जास्त लागलं.

"मी हात वर केला होता, बाई."

"कधी?"

"चौथीत. दोनदा केला. मुंगीच्या धड्याची पहिली ओळ मी घरी आईकडून बोट ठेवून ठेवून पक्की करून आणली होती. नुसती पाठ नाही, बघून येत होती. ओळ एकच होती, पण येत होती. मी हात वर केला. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, हसलात, आणि माझ्या मागच्या मुलीला म्हणालात, तू वाच. दुसऱ्या दिवशी मी परत केला. तुम्ही म्हणालात, भिंगरी आपल्याला गोष्ट सांगेल."

बाईंना आठवलं. स्वच्छ आठवलं. तो वर गेलेला बारका हात, ताठ, बोटं जुळवलेली. त्या वेळी त्यांना वाटलं होतं, बिचारी, सगळे करतात म्हणून करते, तोंडावर पडेल. त्यांनी तिला वाचवलं होतं. त्या दिवशी घरी जाताना त्यांना स्वतःचं कौतुकही वाटलं होतं.

"मला वाटलं, बाईंना सगळं कळतं," भिंगरी म्हणाली. "त्यांनी ठरवलंय म्हणजे मला येणारच नाही. मग मी घरी पण बंद केलं. सर मारायचे, पण दुसऱ्या दिवशी परत उभं करायचे. त्यांना निदान वाटायचं, आज येईल."

आतून मुकादमानं हाक मारली. मशीन एकेक करून सुरू व्हायला लागल्या. भिंगरी उठली, परकर झटकला.

"सोमवारी येशील ना?" बाईंनी विचारलं.

"बघते," भिंगरी म्हणाली आणि धाकटीचं बोट धरून आत गेली.

सोमवारी बाई रजा टाकून दवाखाना उघडायच्या आधीच जाऊन बसल्या. नवरा सकाळी म्हणाला होता, येईल गं, पोरं मनात धरत नाहीत. त्याच्या बोलण्यात पहिल्यांदाच तिरकसपणा नव्हता, म्हणून बाईंना जास्तच भीती वाटली. चाचणीच्या खोलीबाहेर लाकडी बाक होतं. आईबाप आणि पोरं येत होती, नंबर पुकारला जात होता, दार उघडत होतं आणि मिटत होतं. बाईंची नजर जिन्याकडे. कुणी वर आलं की त्या अर्ध्या उठायच्या आणि परत बसायच्या.

भिंगरीचा नंबर यायच्या जरा आधी तिची आई जिना चढून आली. कामावरचाच कपडा, खांद्यावर तंतू, आणि कडेवर धाकटी. एकटीच. बाईंनी तिच्या मागे पाहिलं, जिन्यावर पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

"नाही आली," आई म्हणाली आणि धाप टाकत बाकावर बसली. "समजावलं, रागावले, मारायचीच काय ती बाकी ठेवली. नाही म्हणाली. रडली पण नाही. कात्री घेऊन कामाला बसली. म्हणाली, माझा नंबर हिला दे. हिला पण रंग दाखवले तर नावं उलटसुलट सांगते, बडबडगीत दहादा म्हणून घेतलं तरी शब्द घसरतात. मला कुठलं कळायला, पण ती म्हणते, मला दिसतंय. त्या मॅडमना म्हणावं आत्ताच बघा." आईनं धाकटीला मांडीवर घट्ट धरलं. "बघतील का हो इतक्या लहान पोरीला?"

"बघतील," बाई म्हणाल्या. "घराण्यात चालत येतं पुष्कळदा. खेळ घेऊन बघतात. तुम्ही आणलंत ते चांगलं केलंत."

आईनं धाकटीच्या केसांतला एक तंतू काढला. मग जमिनीकडे बघत म्हणाली, "अजून एक म्हणाली ती. सांगू का नको, असं झालंय मला."

"सांगा."

"म्हणाली, हिला पहिलीला घालशील तेव्हा कुणाच्याही वर्गात घाल. त्या बाईंच्या नको."

बाईंनी मान हलवली. बरोबर आहे तिचं, त्यांना वाटलं. आतून भिंगरीचा नंबर पुकारला गेला. बाई उठून दाराशी गेल्या आणि मॅडमना म्हणाल्या, "मोठी आली नाही. धाकटीला आणलं आहे." मॅडमनी बाईंच्या तोंडाकडे पाहिलं आणि मायलेकींना आत घेतलं.

दार लागलं. बाई बाहेरच बाकावर बसून राहिल्या. दार पातळ होतं, आतलं सगळं ऐकू येत होतं. मॅडम धाकटीला काहीतरी विचारत होत्या, आणि धाकटी चुकत होती, आणि मॅडम पुन्हा विचारत होत्या.